तुळईचा बाक आणि कॅमेऱ्याची नोंद

घर असो, शाळा असो, तंबाखूची वखार असो वा नदीवरील पूल असो, त्यावर येणारा भार जमिनीपर्यंत पोचविण्याचे काम ज्या घटकांवर सोपविलेले असते, त्यांत तुळईचे स्थान मोठे आहे. दोन टोकांना आधार देऊन आडवी ठेवलेली तुळई, मग ती सागवानी लाकडाची असो, लोखंडी गर्डर असो किंवा सळया घालून ओतलेला सिमेंट काँक्रीटचा बीम असो, भार येताच थोडीबहुत वाकतेच. न वाकणारी तुळई जगात नाही. ती किती वाकते, भार निघाल्यावर पूर्ववत होते की नाही, आणि गतवर्षीपेक्षा यंदा अधिक वाकते काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तिच्या प्रकृतीचा पुष्कळसा अंदाज येतो.

हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. बेळगाव, चिकोडी आणि निपाणी या भागांतील जनजीवन पुलांवर किती अवलंबून आहे, हे दर पावसाळ्यात प्रत्ययास येते. वेदगंगा, दूधगंगा व कृष्णा या नद्यांना पूर आला की कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर यांसारखे कमी उंचीचे पूल व बंधारे पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत तर निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक थांबवावी लागली. पाणी ओसरले की रस्ता पुन्हा सुरू होतो. मुले शाळेला जाऊ लागतात, दुधाच्या गाड्या धावू लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर त्याच पुलांवरून साखर कारखान्याकडे जाऊ लागतात. पुरापूर्वी होता तसाच हा पूल आहे काय, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. विचारला तरी त्याचे उत्तर देण्यास पूर्वीची नोंद हाताशी नसते.

अशी नोंद ठेवण्याचे एक साधन आता बहुतेक घरांत येऊन पोचले आहे. ते म्हणजे कॅमेरा. कॅमेऱ्याच्या साह्याने तुळईचा बाक कसा मोजतात, त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा हेतू आहे.

तुळई का वाकते

दोन विटांवर लाकडी पट्टी ठेवून मध्यभागी बोटाने दाबली असता पट्टी खाली जाते. त्या वेळी तिच्या वरच्या बाजूचे तंतू दाबले जातात व खालच्या बाजूचे तंतू ताणले जातात. हाच नियम मोठ्या तुळईला लागू पडतो. काँक्रीट दाब चांगला सोसते, परंतु ताण सोसण्यात ते दुबळे असते. म्हणूनच दोन आधारांवर ठेवलेल्या काँक्रीटच्या तुळईत मुख्य सळया खालच्या बाजूस घालतात. त्या सळया गंजल्या तर तुळईचा ताण सोसणारा भागच निकामी होऊ लागतो.

बाक कशाकशावर अवलंबून असतो, हे ध्यानी ठेवण्यास सोपे आहे. मध्यभागी एकच भार असेल, तर भार दुप्पट होताच बाकही दुप्पट होतो. परंतु भार तोच ठेवून दोन आधारांतील अंतर दुप्पट केले, तर बाक आठपट होतो. तुळईची रुंदी दुप्पट केली तर बाक निम्मा होतो. उंची दुप्पट केली तर मात्र तो एक अष्टमांशावर येतो. आपले जुने सुतार तुळई आडवी न ठेवता उभी ठेवीत, त्यामागे हेच अनुभवसिद्ध ज्ञान होते. मधला खांब काढून दोन खोल्यांचा एक वर्ग करण्याची सूचना शाळेत कोणी केली, तर हा आठपटीचा हिशेब आधी आठवावा.

बाक आणि झोल

या लेखापुरता आपण दोन शब्दांत भेद करू. भार आला असता येणारे आणि भार जाताच नाहीसे होणारे वाकणे, त्यास ‘बाक’ म्हणू. भार गेला तरी जे वाकणे मागे उरते, त्यास ‘झोल’ म्हणू. बाक हा निरोगी तुळईचाही धर्म आहे. झोल मात्र चौकशीस पात्र आहे. नव्या काँक्रीटमध्ये सतत राहणाऱ्या भाराखाली पहिली काही वर्षे थोडा झोल संथपणे वाढत जाणे स्वाभाविक असते. तथापि, अनेक वर्षे स्थिर असलेली तुळई एखाद्या पावसाळ्यानंतर वा जड वाहतुकीनंतर नव्याने खाली बसू लागली, तर ती धोक्याची सूचना समजावी.

यासंबंधी भारतीय मानकांत मर्यादा घालून दिलेल्या आहेत. काँक्रीटच्या इमारतींविषयीच्या आय. एस. ४५६ या मानकानुसार तुळईचे एकूण वाकणे सर्वसाधारणपणे गाळ्याच्या लांबीच्या २५० व्या भागाहून अधिक असू नये. ६ मीटर गाळ्याच्या वर्गखोलीसाठी हे माप २४ मिलिमीटर इतके होते. भिंती व गिलावा झाल्यानंतर येणारे वाकणे लांबीच्या ३५० व्या भागाहून किंवा २० मिलिमीटरहून, यांतील जे कमी असेल त्याहून, अधिक नसावे. पुलांच्या बाबतीत इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत वाहनांच्या भाराने येणाऱ्या बाकाची मर्यादा गाळ्याच्या ८०० व्या भागाइतकी धरलेली आहे. १२ मीटरच्या गाळ्यास ती १५ मिलिमीटर होते. मात्र बाक मर्यादेच्या आत आहे एवढ्यावरून पूल सुरक्षित ठरत नाही. काल ३ मिलिमीटर वाकणारा पूल त्याच भाराने आज ६ मिलिमीटर वाकू लागला, तर मर्यादा न ओलांडताही तो दुबळा झाल्याचे सांगत असतो.

मोजण्याच्या जुन्या रीती

गवंड्याजवळ ओळंबा, पाणसळ आणि सूत ही साधने पूर्वापार आहेत. तुळईच्या दोन टोकांना ताणून सूत धरले आणि मधले अंतर पट्टीने मोजले, तर झोल कळतो. भेग वाढते आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पातळ पट्टी गिलाव्याने चिकटवितात. भेग रुंदावली की काच तडकते. पुलाची भारचाचणी घेताना अभियंते तुळईखाली घड्याळाच्या तबकडीसारखे डायल गेज बसवितात व त्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे वाचन घेतात.

या सर्व रीती विश्वसनीय आहेत. त्यांची अडचण अशी की, त्यासाठी तुळईपर्यंत पोचावे लागते. नदीच्या पात्रात परांची उभारणे खर्चाचे असते आणि पुराच्या दिवसांत ते अशक्यच असते. शिवाय डायल गेज ज्या ठिकाणी बसविले, त्या एकाच बिंदूचे माप मिळते. कॅमेरा काठावर राहून मोजू शकतो आणि एका चित्रात अनेक बिंदू टिपू शकतो. हाच त्याचा विशेष आहे.

कॅमेरा मापन कसे करतो

छायाचित्रावरून माप काढण्याची विद्या नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये लोसदा यांनी नकाशे करण्यासाठी आणि जर्मनीत मायडेनबावर यांनी इमारतींची मापे घेण्यासाठी छायाचित्रांचा उपयोग सुरू केला. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. वस्तूच्या पृष्ठभागावर ठिपक्यांची नक्षी काढावयाची, भारापूर्वी व भारानंतर तिचे चित्र घ्यावयाचे आणि प्रत्येक ठिपका किती सरकला हे संगणकाने ताडून पाहावयाचे, अशी ती रीत होती. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तुळयांच्या परीक्षणासाठी ही रीत रूढ आहे.

संगणकीय कॅमेऱ्याचे चित्र म्हणजे अतिशय बारीक चौकटींची जाळी होय. तीतील एकेका चौकटीस चित्रबिंदू, अर्थात पिक्सेल म्हणतात. समजा, चित्राच्या रुंदीत ४००० चित्रबिंदू आहेत. त्या चित्रात २० मीटर लांबीचा संपूर्ण गाळा बसविला, तर एक चित्रबिंदू ५ मिलिमीटरचा झाला. एवढ्या जाड मापाने दोन-तीन मिलिमीटरचा बाक कसा कळणार? त्याच कॅमेऱ्याने दूरदर्शी भिंगातून केवळ २ मीटरचा मधला भाग टिपला, तर एक चित्रबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा होतो. संगणक प्रणाली चांगली असेल आणि प्रकाश अनुकूल असेल, तर चित्रबिंदूच्या दहाव्या भागापर्यंतची हालचालही ओळखता येते. यावरून पहिला नियम असा निघतो की, सबंध पुलाचे देखणे चित्र मापनाच्या कामाचे नसते. तुळईच्या मध्याचे मोठे व स्पष्ट चित्र कामाचे असते.

चित्रबिंदूंचे मिलिमीटर करण्यासाठी तुळईवर ज्ञात मापाची खूण असावी लागते. पांढऱ्या पाटीवर काढलेला १०० मिलिमीटर बाजूचा काळा चौकोन यासाठी पुरेसा आहे. एक खूण तुळईच्या मध्यावर आणि दुसरी खांबावर, आधाराच्या जागी लावावी. तिसरी खूण काठावरच्या खडकावर वा पक्क्या बांधकामावर असावी. दुसरी खूण कशासाठी, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

एक उदाहरण

समजा, चित्रात १०० मिलिमीटरचा चौकोन २५० चित्रबिंदूंएवढा दिसतो. म्हणजे एक चित्रबिंदू ०.४ मिलिमीटरचा झाला. पूल रिकामा असताना मधली खूण चित्राच्या वरच्या कडेपासून १२०० व्या ओळीत आहे आणि खांबावरची खूण १२१५ व्या ओळीत आहे. नंतर वजन केलेला मालट्रक गाळ्याच्या मध्यावर उभा केला. आता मधली खूण १२०८ व्या आणि खांबावरची १२१६ व्या ओळीत दिसते.

मधली खूण ८ ओळी खाली गेली. परंतु खांबावरची खूणही १ ओळ खाली गेलेली दिसते. काठावरची खूणही तेवढीच सरकलेली दिसत असेल, तर खांब हललेला नाही, वाऱ्याने वा धक्क्याने कॅमेराच किंचित हलला आहे, असे समजावे. म्हणून ८ मधून १ वजा केला. उरलेल्या ७ ओळींना ०.४ ने गुणिले असता तुळईचा बाक २.८ मिलिमीटर येतो. मात्र काठावरची खूण स्थिर असून खांबावरची खूणच खाली गेली असेल, तर बाब निराळी व अधिक गंभीर आहे. अशा वेळी खांब वा आधार खचत असल्याचा संशय घ्यावा लागतो.

ट्रक निघून गेल्यावर मधली खूण १२०१ व्या व खांबावरची १२१६ व्या ओळीत दिसली, तर दोन्ही खुणा मूळ स्थितीपासून प्रत्येकी एकच ओळ सरकलेल्या आहेत. अर्थात तुळई पूर्ववत झाली. मधली खूण १२०३ व्या ओळीत राहिली असती, तर २ ओळी, म्हणजे ०.८ मिलिमीटर इतके वाकणे मागे उरले असते. तथापि, एक चित्रबिंदूची चूक सहज होऊ शकते, म्हणून असे वाचन निदान तीन वेळा घेतल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

इमारतीच्या रीतसर भारचाचणीतही हेच तत्त्व असते. आय. एस. ४५६ प्रमाणे रचनेवर तिच्या स्वतःच्या भाराखेरीज वापराच्या भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवतात. तो काढल्यानंतर २४ तासांत निदान ७५ टक्के बाक नाहीसा व्हावा लागतो. तसे न झाल्यास ७२ तासांच्या अवधीनंतर चाचणी पुन्हा घेता येते. त्या वेळीही ८० टक्के बाक नाहीसा न झाल्यास रचना अस्वीकार्य ठरते. अशी चाचणी अधिकृत अभियंत्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असते, हे वेगळे सांगावयास नको.

चुका कोठे होतात

कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणतात, पण तो ज्या तिवईवर उभा असतो ती हलू शकते. पुलाच्या कठड्यावर ठेवलेला कॅमेरा पुलाबरोबरच वाकतो व काहीच दाखवीत नाही. म्हणून कॅमेरा काठावरील पक्क्या जमिनीवर असावा. चिकोडी-निपाणी भागातील काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसते, हे सर्व शेतकरी जाणतात. तेव्हा तिवईसाठी खडक किंवा सिमेंटचा ओटा निवडावा आणि त्यावर तिन्ही पायांच्या कायम खुणा कराव्यात, म्हणजे सहा महिन्यांनीही कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर व त्याच रोखाने ठेवता येईल.

दुसरी चूक उन्हाची. काँक्रीट तापले की वाढते. २० मीटर लांबीची तुळई २० अंशांनी तापली तर तिची लांबी सुमारे ४ मिलिमीटरने वाढते. पुलाची वरची बाजू उन्हाने तापली आणि खालची थंड राहिली, तर तुळई वाहनाविनाच किंचित वर उचलली जाते. शिवाय दुपारी रस्त्यावरून उठणाऱ्या गरम हवेमुळे चित्र थरथरते. यास्तव तुलना करावयाची चित्रे शक्यतो पहाटेनंतर लगेच, एकाच वेळी घ्यावीत आणि तारखेबरोबर वेळ व हवामान लिहून ठेवावे.

तिसरी चूक कोनाची. खाली उभे राहून फार वरच्या रोखाने चित्र घेतले, तर वर-खाली होणारी हालचाल प्रत्यक्षाहून लहान दिसते. कॅमेरा शक्यतो तुळईच्या उंचीवर व तिच्यासमोर असावा. खांबावरची खूण तुळईवरच्या खुणेइतक्याच अंतरावर असावी, अन्यथा दोन्हींचे मिलिमीटर निरनिराळे होतात आणि प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो.

हालचालीचे चित्रण

स्थिर चित्रांप्रमाणे चलच्चित्रांचाही उपयोग होतो. वाहन गेल्यावर पूल काही क्षण थरथरतो. ही थरथर सेकंदाला किती वेळा होते, हे त्याच्या ताठरपणावर अवलंबून असते. तुळई दुबळी झाली की थरथर मंदावते. सेकंदाला ३० चित्रे घेणारा कॅमेरा सेकंदाला १५ हून कमी वेळा होणारी थरथर नोंदवू शकतो. डोळ्यास न दिसणारी सूक्ष्म हालचाल संगणकाने मोठी करून दाखविण्याची एक रीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. पूल व इमारती यांच्या निरीक्षणासाठीही तिचा अभ्यास होत आहे.

चलच्चित्राच्या उपयोगाचे व त्यातील धोक्याचेही प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील टॅकोमा येथील झुलत्या पुलाचे आहे. जुलै १९४० मध्ये खुला झालेला हा पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून कोसळला. त्या प्रसंगाचे चित्रण झाले आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते आजवर दाखविले जाते. परंतु २०१५ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, सेकंदाला १६ चित्रे या गतीने घेतलेली ती फीत पुढे २४ चित्रांच्या गतीने उतरविली गेली. त्यामुळे मिनिटाला १२ हेलकावे घेणारा पूल पडद्यावर १८ हेलकावे घेताना दिसत राहिला. नोंद करताना गती, वेळ व अंतर लिहून ठेवले नाही, तर चांगले चित्रही कसे फसविते, याचा हा धडा होय.

कॅमेऱ्यास काय दिसत नाही

या साधनाच्या मर्यादा स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातील दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही गेल्या. कमानीच्या पुलास तुळईचा हिशेब लागू पडत नाही, आणि पुराच्या पाण्याखाली काय चालले आहे हे काठावरच्या कॅमेऱ्यास दिसत नाही. आपल्याकडील बंधाऱ्यांचे गाळे आखूड असतात. त्यांची फरशी मुळातच फार थोडी वाकते. तेथे तुळईच्या बाकापेक्षा खांबाच्या पायाजवळची धूप, खांबाचा कल आणि निखळलेले दगड यांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

तसेच सर्वच दोष वाकण्यातून प्रकट होत नाहीत. मध्यभागी खालून वर जाणाऱ्या भेगांबरोबर बाक हळूहळू वाढतो व सूचना मिळते. आधाराजवळ तिरप्या जाणाऱ्या भेगांनी होणारा मोड मात्र फारशी सूचना न देता येऊ शकतो. ९ जुलै २०२५ रोजी गुजरातेत मही नदीवरील, १९८५ पासून वापरात असलेल्या गंभीरा पुलाचा एक गाळा वाहनांसह नदीत कोसळला. आधार आणि सांधे यांजवळचा दोष, असे कारण प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आले. म्हणून मध्याच्या खुणेवर डोळा ठेवताना टोकांकडे दुर्लक्ष होता कामा नये.

आणखी एक मर्यादा कॅमेऱ्याची नव्हे, आपली आहे. १५ जून २०२५ रोजी तळेगाव दाभाडेनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला व ४ जणांना प्राण गमवावे लागले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता. पूल दुबळा आहे हे कळणे आणि त्यावरील रहदारी प्रत्यक्षात थांबणे, या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, ते कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही.

गावाने, शाळेने व अधिकाऱ्यांनी काय करावे

ग्राम पंचायतीने आपल्या हद्दीतील प्रत्येक लहान पुलासाठी व सार्वजनिक इमारतीसाठी एक नोंदवही ठेवावी. पुलाची चित्रे वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी व पाणी ओसरल्यानंतर रहदारी सुरू होण्यापूर्वी, ठरलेल्या जागेवरून घ्यावीत. मधल्या तुळईचे, दोन्ही आधारांचे, प्रत्येक खांबाच्या पायाचे आणि प्रत्येक भेगेचे असे चित्र असावे. भेगेच्या चित्रात मोजपट्टी अवश्य दिसावी. गंजाचे डाग, गळून पडलेले पोपडे व उघड्या पडलेल्या सळया यांचीही नोंद करावी. एवढ्यासाठी संगणक प्रणालीची गरज नाही, नियमितपणाची आहे.

शाळांच्या बाबतीत मुख्याध्यापकांनी व शाळा सुधारणा समितीने हीच रीत अवलंबावी. कौलारू शाळेत तुळई भिंतीत शिरते त्या टोकाशी ओल व वाळवी पाहावी. दारे वा खिडक्या अकस्मात घट्ट बसू लागणे, वरच्या गिलाव्यास नवी भेग पडणे, कौलांची ओळ मध्येच खाली बसलेली दिसणे, या सूचना आहेत. अशी सूचना मिळताच वर्ग दुसरीकडे भरवावा व गटशिक्षणाधिकाऱ्यांस छायाचित्रांसह लेखी कळवावे. खात्री होईपर्यंत मुलांना त्याच खोलीत बसविणे योग्य नव्हे. वखारींचे मालक व बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील कारखानदार यांनाही माल वा यारी पेलणाऱ्या तुळयांसाठी ही पद्धत उपयोगी पडेल.

अधिकाऱ्यांनी अशा अर्जावर पोच द्यावी, पाहणीची तारीख लिहावी आणि पाहणीचा निष्कर्ष त्याच नोंदवहीत उतरवावा. संशय आल्यास जड वाहनांस तत्काळ मज्जाव करावा, आणि केवळ फलक न लावता अडथळा उभारावा. बेळगाव येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे व परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी खात्याच्या अनुमतीने असे पूल उपलब्ध करून दिल्यास दोन्ही बाजूंचा लाभ होईल. मात्र रेल्वेचे पूल व धरणे यांचे छायाचित्रण परवानगीवाचून करू नये, आणि चित्र घेण्यासाठी कोणीही पुराच्या पाण्याजवळ किंवा संशयित तुळईखाली जाऊ नये.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

साहित्य : सव्वा मीटर लांबीची लाकडी फळी, दोन सारख्या उंचीची बाके, बादली, लिटरचे माप, काळा कागद, मोजपट्टी व कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी.

बाकांमध्ये १ मीटर अंतर ठेवून त्यांवर फळी आडवी टाकावी. फळीच्या मध्याच्या कडेस आणि एका बाकाच्या कडेस २० मिलिमीटर बाजूचा काळा चौकोन चिकटवावा. बादली मध्यभागी अशी टांगावी की तिचा तळ जमिनीपासून चार बोटे वर राहील. समोर स्टुलावर भ्रमणध्वनी पुस्तकांच्या आधाराने घट्ट उभा करावा व शेवटपर्यंत हलवू नये. रिकाम्या बादलीचे चित्र घ्यावे. नंतर एकेक लिटर पाणी ओतून प्रत्येक वेळी चित्र घ्यावे. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम भरते, त्यामुळे वजनकाट्याची गरज नाही. चित्रे मोठी करून मापे घ्यावीत व भार आणि बाक यांचा आलेख काढावा. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतील. मग पाणी काढून फळी पूर्ववत झाली काय ते पाहावे. बाकांमधील अंतर निम्मे करून प्रयोग पुन्हा केल्यास आठपटीचा नियम मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

सारांश, एका छायाचित्राने तुळईची स्थिती कळत नाही. एकाच जागेवरून, एकाच वेळी, वर्षानुवर्षे घेतलेल्या चित्रांच्या तुलनेने ती कळते. त्या तुलनेचे कागद ज्याच्या हाती पूल बंद करण्याचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत वेळेवर पोचले, तरच त्या ज्ञानाचा उपयोग. पहिले काम गावकरी व शिक्षक करू शकतात, दुसरे अधिकाऱ्यांचे आहे. येत्या मे महिन्यात आपल्या गावच्या पुलाचे पहिले चित्र घेतले जावे, म्हणजे पुरानंतर त्याच्याशी ताडून पाहण्यास दुसरे चित्र घेता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ५ मीटर गाळ्याच्या तुळईचे एकूण वाकणे लांबीच्या २५० व्या भागाहून अधिक नसावे, तर ते किती मिलिमीटरपर्यंत चालेल?

२. चित्रात १०० मिलिमीटरचा चौकोन २०० चित्रबिंदूंचा दिसतो. मधली खूण ९ व खांबावरची खूण ३ चित्रबिंदू खाली गेली. काठावरची खूणही ३ चित्रबिंदू खाली गेली असल्यास बाक किती? काठावरची खूण मुळीच हलली नसल्यास काय समजावे?

३. पहाटे घेतलेल्या चित्राची तुलना भर दुपारच्या चित्राशी का करू नये?

४. आपल्या गावातील एका पुलाची किंवा शाळेची पाहणी शिक्षकांसमवेत दुरून करून, कोणत्या ठिकाणांची चित्रे घ्यावी लागतील याची यादी तयार करा.